शिंगानंतरचा गोटा

आमच्या आळीत माणूस चाळिशीला पोचला की बहिरा होई आणि त्याचं कुणाला विशेष वाटत नसे. केस पिकतात, दात हलतात, तसे कान जातात, एवढंच. आमची तांबटांची आळी पुण्याच्या कसब्यात, नागझरी ओढ्याच्या अलीकडच्या अंगाला. उजाडलं की पहिला ठोका पडे आणि मग दिवेलागणीपर्यंत साठ-सत्तर हातोडे तांब्याच्या पत्र्यावर कोसळत राहत. परगावचा पाहुणा आला की कानांवर हात ठेवून दारातच उभा राही. आई त्याला ओरडून विचारी, "डोकं दुखलं का? अहो, अजून बसलासुद्धा नाहीत." आमच्याकडे सगळे ओरडूनच बोलत. सोयरिकीची बोलणीसुद्धा ओरडून होत, त्यामुळे कुणाच्या मुलीला कुणी नाकारलं ते चार घरं पलीकडे त्याच क्षणी कळे, आणि सांत्वनाला माणसं येत तीही ओरडतच येत.

घरात कायम चिंचेचा वास. भांडं उजळायला चिंच लागते, म्हणून माजघरात चिंचेच्या गोळ्यांची मडकी भरलेली असत आणि आईचे हात बारा महिने आंबट. तिच्या हातची भाकरीही मला किंचित आंबट लागे. दुसऱ्यांच्या घरी जेवलो की जेवणात काहीतरी राहून गेलं असं वाटे. दुपारी घटकाभर हातोडे थांबत. भाकरी, वांग्याचं भरीत, लसणाची चटणी आणि ताक. माझे वडील, आबा, जेवताना कुणाशी बोलत नसत. त्यांचा हात दोनच ठिकाणी चाले, पत्र्यावर आणि माझ्या अंगावर, आणि दोन्हीकडे सारख्याच बेतानं. भांड्यावर शेजारी शेजारी ठोके उठवून खळ्या पाडायच्या, त्याला आम्ही मठार म्हणतो. माझी एक खळी वाकडी गेली की आबा लाकडी मोगरी उचलून माझ्या नडगीवर मारत आणि पुन्हा कामाला लागत. रागावत नसत. "पत्रासुद्धा मारल्याशिवाय वळत नाही," एवढंच म्हणत. मला अक्षर आलं तेही भांड्यांवर गिऱ्हाइकांची नावं टोचता टोचता. पंतोजीचं तोंड मी पाहिलं नाही. म्हणून हे लिहिताना माझा हात अजून जोरात पडतो, दर पानाला एक बोरू मोडतो, आणि नातू म्हणतो, "आजोबा, कागद आहे, परात नाही."

शिमग्याच्या दिवशी नागझरीवर गोफणगुंडा होई. आता गोऱ्या पलटणीचा अंमल आहे, खडकीला तोफा उडाल्या की माझ्या बुडाखालची जमीन हादरते तेवढी मला कळते, आणि गोफणगुंडा हा शब्दही नातवाला ठाऊक नाही. तर सांगतो. ओढ्याच्या अलीकडे आम्ही कसब्याचे, पलीकडे मंगळवार-सोमवार पेठांतले. दोन्ही काठांवर एकेक निशाण रोवलेलं. दुपार कलली की दोन्हीकडचे पंचवीस-पंचवीस गडी डोक्याला जाड मुंडासं आणि डाव्या हाताला घोंगडी गुंडाळून उतरत आणि गोफणीनं एकमेकांवर गोटे सोडत. पलीकडचं निशाण उपटून आपल्या काठावर आणलं की जिंकलो. निशाण आलं, किंवा सूर्य टेकला, की कोतवालीचा माणूस शिंग फुंकी. शिंग वाजलं की गोफण खाली टाकायची, मुंडासं काढायचं आणि उघड्या डोक्यानं समोरच्याला रामराम करायचा. शिंगाच्या आधी कुणाचं डोकं फुटो, जीव जावो, त्याची फिर्याद नाही. ओढ्यातलं रक्त ओढ्यानं न्यायचं. शिंगानंतर मात्र एक गोटा सुटला आणि कुणाला लागला, तर ज्या हातानं गोफण फिरवली तो हात मनगटातून तोडत. असा एक थोटा म्हातारा आमच्या लहानपणी देवळाशी पालेभाजी विकायला बसे. एका हातानं जुडी बांधायचा आणि दुसरं टोक दातात धरायचा.

आमच्या बाजूची अडचण तुमच्या लक्षात आली असेल. निम्मे गडी बहिरे. शिंग वाजलं काय नि न वाजलं काय, त्यांना सारखंच. म्हणून मारुतीच्या देवळाचा गुरव, ज्याचे कान शाबूत होते, तो चौथऱ्यावर तांबडं फडकं घेऊन उभा राही. शिंग वाजलं की तो फडकं हलवी आणि आमचे लोक थांबत. हे सगळ्या पुण्याला माहीत होतं आणि पलीकडचे त्यावरून आम्हाला यथेच्छ चिडवीत.

चिडवायला आणखीही कारण होतं. आम्ही नऊ वर्षं ओळीनं हरत होतो. जिंकणाऱ्या बाजूला सरकारातून नारळ आणि डोक्याला बांधायचा जरीचा मंदील मिळे, तो वर्षभर त्यांच्या तालमीत देवापुढे राही. आमच्या तालमीत देवापुढचा पाट नऊ वर्षं रिकामा होता. हरायचं तरी सरळ हरावं, तेही नाही. एका वर्षी आमच्याच गड्याच्या बोटातून गोफणीचा फास निसटला आणि गोटा मागे जाऊन आमच्याच म्होरक्याच्या टाळूत बसला. एका वर्षी निशाण हातात आलं होतं, काठ चार पावलांवर होता, आणि कुणाची तरी म्हैस मधे येऊन उभी राहिली. ती हालेना. त्या म्हशीच्या मालकाला आळीनं पुढे तीन वर्षं भांडं विकलं नाही. दर शिमग्याला सकाळी पलीकडून बांगड्यांची टोपली येई, आणि आम्ही ती मुकाट्यानं आयाबहिणींना वाटून टाकत असू.

आमचे वस्ताद मल्हारबा. पन्नाशीचा गडी, ठार बहिरा, आणि कपाळावर जुन्या गोट्याची मठारल्यासारखी खळी. दर वर्षी शिमग्याच्या आदल्या दिवशी ते सगळ्यांना बसवून म्हणत, "यंदा आपलं आहे." नऊ वर्षं हेच वाक्य, त्याच आवाजात. आणि गंमत अशी की आम्ही दर वर्षी मानत असू. नातू मला विचारतो, एवढं हरत होतात तर खेळायचं सोडलं का नाही, किंवा तुमच्यातले चांगले गडी पलीकडे का गेले नाहीत. बाजू म्हणजे काय पायताण आहे, चावलं म्हणून दुसरं घातलं? आम्ही त्या काठावर जन्मलो होतो. हरल्यावर संध्याकाळी आई हळद गरम करून माझ्या जखमांवर थापायची, "पुढच्या वर्षी तरी डोकं खाली ठेव" म्हणायची, आणि माझ्या मनात पुढचं वर्ष तिथेच सुरू होई. हा वेडेपणा होता हे मला आज कळतं. त्या वयात त्याच्याइतकं सुख मला दुसऱ्या कशात वाटलं नाही.

माझी थोरली बहीण आक्का. तिला दिली होती नागझरीच्या पलीकडे, आमच्यातल्याच एका घरात, पण त्या घरानं ऐरण केव्हाच सोडली होती आणि तयार भांडी विकायचं दुकान घातलं होतं. त्यामुळे दाजींचे कान चांगले, आवाज मऊ, आणि ते आमच्याकडे आले की सगळ्यांनी ओरडून बोलल्यामुळे त्यांना सारखं वाटे की आपलं काही चुकलं. दाजी हा फार भला माणूस. नदीत पोहायला त्यांनी मला शिकवलं. अंबाडीची गोफण कशी वळायची, फास बोटात किती सैल ठेवायचा, हेही त्यांनीच दाखवलं, आणि वर म्हणाले, "शिकवतोय, पण माझ्यावर सोडताना पाव्हण्याची ओळख ठेव." कारण शिमग्याच्या दिवशी दाजी पलीकडच्या बाजूचे सगळ्यात भारी गोफण्ये होते. आक्का त्या दिवशी कुठल्याच काठावर येत नसे. दार लावून घेई आणि संध्याकाळी दोन्हीकडचे जिवंत असल्याचा निरोप आला की उघडी.

ज्या वर्षाचं सांगतोय त्या वर्षी मी सतरा वर्षांचा होतो. उतरलो तसा पहिला गोटा माझ्या कानावरून भिर्र करत गेला आणि मागच्या माणसाच्या गुडघ्यात बसला. हाडावर बसणाऱ्या गोट्याचा आवाज मोठा नसतो, मडकं जमिनीवर ठेवल्यासारखा येतो. मग माणूस ओरडतो. ओढ्याला घोटाभर पाणी आणि पोटरीभर गाळ. पहिल्या घटकेतच आमचे पाच जण आडवे झाले. एकाचे पुढचे दात त्याच्या हातात होते आणि तो ते मोजून बघत होता. एकाची भुवई फाटून डोळ्यावर लोंबत होती, ती त्यानं मुंडाशाच्या टोकानं वर बांधली आणि पुन्हा गोफण भरली. मीही मारत होतो. पलीकडच्या एका पोरगेल्या गड्याच्या बरगडीत माझा गोटा बसला, तो वाकला, आणि मी त्याच जागेवर दुसरा मारला. तो चिखलात तोंडावर पडला. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, एवढा आनंद मला लग्नातही झाला नाही.

ऊन उतरायला लागलं तेव्हा आमचे अकरा उभे होते आणि त्यांचे सतरा-अठरा. सगळं नेहमीप्रमाणे चाललं होतं. आणि मग काय झालं ते मला आजही नीट उलगडत नाही. त्यांचे चार जण एकदम पुढे आले, आमचं निशाण घ्यायला, हे फार झालं आता संपवू म्हणून. त्यांच्या निशाणाशी दोनच उरले. धोंडी, माझ्या शेजारच्या ऐरणीवरचा माझा जोडीदार, खाली वाकून उसाच्या मोळीसारखा पाण्यात पडला होता. आम्ही समजलो मेला. तो मेला नव्हता, दमला होता. तो उठला, सरळ पलीकडे धावला, त्या दोघांतल्या एकाच्या नाकावर मूठ मारली आणि निशाण उपटलं. आमच्या काठावर बायकांनी एकच गिल्ला केला. म्हशीच्या त्या वर्षानंतर त्या बाजूचा बांबू कुणी जागचा हलवला नव्हता.

धोंडी ओढ्याच्या मध्यावर आला तेव्हा दाजींनी गोफण फिरवली. मी पाहिलं. निशाण आपल्या काठाला लागायच्या आत त्याला पाडणं हे त्यांचं काम होतं, आणि त्यांनी ते केलं. गोटा धोंडीच्या जबड्यावर बसला. जबडा एका बाजूनं सुटून खाली लोंबला, जीभ बाहेर आली, आणि धोंडी थांबला नाही. घशातून बैलासारखा आवाज काढत तो चालत राहिला आणि आमच्या काठावर निशाणासकट कोसळला. आम्ही जिंकलो होतो. आणि शिंग वाजलं.

शिंग आमच्या जिंकण्याचं वाजलं. गुरवानं नऊ वर्षं हरल्याचं फडकं हलवलं होतं. जिंकल्यावर काय करायचं ते त्याला सुचलंच नाही. तो चौथऱ्यावरून उडी मारून खाली आला, फडकं स्वतःच्या डोक्याला गुंडाळलं आणि नाचायला लागला. मागे आमचे बहिरे गडी गोटे सोडतच होते. मल्हारबा सोडत होते. ते गोटे पाण्यात पडत होते, कारण म्हाताऱ्यांचे हात थकले होते. दाजींनी शिंग ऐकलं, गोफण टाकली, मुंडासं काढलं, आणि माझ्याकडे बघून रिकामा हात वर केला. हसत होते. जिंकलात, असं म्हणत असावेत.

माझी गोफण डोक्यावर फिरत होती. फिरती गोफण थांबवता येत नाही असं लोक म्हणतात, चावडीतही पुढे तेच म्हणाले. थांबवता येते. मनगट सैल सोडलं की गोटा पायाशी पडतो. मला ते दाजींनीच शिकवलं होतं. मी शिंग ऐकलं होतं. सतरा वर्षांच्या माझ्या कानांत ते स्पष्ट वाजलं. पण माझ्या पायाशी धोंडी आपला जबडा दोन्ही हातांनी जागेवर धरायला बघत होता, आणि समोर तो जबडा फोडणारा माणूस उघड्या डोक्यानं हसत होता, आणि नऊ वर्षांच्या बांगड्या होत्या. मी सोडला. दाजींच्या डाव्या डोळ्यात गेला. त्यांनी हात डोळ्यावर नेला नाही, तसाच वर धरलेला राहिला, आणि ते मागे पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मल्हारबांनी सगळ्यांना तालमीत बोलावलं. देवापुढच्या पाटावर जरीचा मंदील होता. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. पलीकडच्यांनी फिर्याद केली होती आणि परवा चावडीत उभं राहायचं होतं. इतर गोटे कुणाला लागले नव्हते, माझाच लागला होता. धोंडी कोपऱ्यात डोकं-हनुवटी फडक्यानं आवळून बसला होता, पोकळ काडीनं ताक पीत. मल्हारबा माझ्यासमोर उभे राहिले. बहिऱ्या माणसाचा आवाज तो, साऱ्या आळीला जाईल असा.

"तू शिंग ऐकलंस का?"

मी मान हलवून हो म्हटलं. त्यांच्याशी खोटं बोलणं मला जमलं नसतं.

त्यांनी मला डाव्या कानशिलात मारली. चाळीस वर्षं हातोडा धरलेला हात. मी भिंतीवर आदळून खाली पडलो. कानातून कोमट काहीतरी गळ्यावर उतरलं, आणि त्या बाजूचं जग बंद झालं ते पुन्हा कधी उघडलं नाही.

"निम्मं तरी खरं झालं," मल्हारबा म्हणाले. मग सगळ्यांकडे वळले. "परवा चावडीत आपण सगळे बहिरे. सगळे. शिंग ऐकूच आलं नाही तर गुन्हा नाही. ज्याला जमणार नाही त्यानं आत्ताच बाहेर जावं."

कुणी गेलं नाही. आमच्यात सात-आठ जण विशीच्या आतले होते, मांजराचं पाऊल ऐकू येईल असे. तेही बसून राहिले. मला वाटलं धोंडी तरी उठेल. जबडा त्याचा गेला होता, मंदील त्यानं आणला होता. त्यानं काडी तोंडातून काढली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा ताक प्यायला लागला.

त्या दोन दिवसांत आमच्या घरी चूल पेटली पण कुणी जेवलं नाही. आबा काम करत राहिले. रात्री झोपताना आई माझा उजवा हात आपल्या हातात धरून बसायची आणि बोटं एकेक करून चेपायची, चिंचेनं फाटलेल्या आपल्या बोटांनी. आक्काचं नाव कुणी काढलं नाही. दाजींना ताप चढलाय आणि डोळा गेला, एवढा निरोप आला होता.

चावडीत कोतवालांनी आम्हाला ओळीनं उभं केलं. बारीक अंगाचा, पान खाणारा माणूस. फिर्याद ऐकून घेतल्यावर त्यांनी आमच्याकडे पाहिलं.

"सगळेच बहिरे?"

गुरवानं पुढे होऊन हात जोडले. "होय सरकार. धंदाच तसा. फडकं हलवायचं काम माझं होतं. मी चुकलो."

"हा सतरा वर्षांचा पोरही?"

"ह्याचा बाप पाळण्यापासून ऐरणीशी घेऊन बसायचा, सरकार."

"कमाल आहे," कोतवाल म्हणाले. "माझी बायको तांब्या घ्यायला येते तेव्हा तिनं पुटपुटलेलं नेमकं कळतं तुम्हाला. बरं. ह्यांना म्हणावं, तोंडं भिंतीकडे करा."

गुरवानं खुणा केल्या. आम्ही वळलो. भिंतीला पांढरी माती दिलेली होती, तिच्यात एक केस अडकलेला होता, तो मला आजही दिसतो. मागे कोतवाल बोलू लागले, सावकाश, घरात बोलावं तशा आवाजात.

"आता ऐका. गोटा एकाचा आहे, तो कोण हे मला माहीत आहे, तुम्हालाही. त्यानं एकट्यानं पुढे यावं. मंदील तुमच्याकडे राहील, पुढच्या शिमग्याला तुम्ही खेळाल. नाहीतर मी तुम्हाला बहिरेच धरीन. बहिऱ्यांना शिंग कळत नाही, तेव्हा बहिऱ्यांना खेळ नाही. मंदील परत, आणि तुमच्या आळीला नागझरीवर कायमची बंदी. ज्याला हे ऐकू आलं असेल त्यानं नुसतं मागे वळावं."

माझ्या उजव्या कानाला प्रत्येक शब्द ऐकू आला. शेजारच्या धोंडीलाही आला. त्याच्या मानेची शीर ताठ झाली. त्याच्या पलीकडे आमचाच एक पोरगा होता, त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण मान हलली नाही. मल्हारबांना खरंच काही ऐकू आलं नव्हतं, ते शांतपणे भिंत बघत होते. मी वळायला हवं होतं. एक पाऊल मागे घ्यायचं, बस. नऊ वर्षांनी मिळालेलं माझ्या माणसांचं सगळं काही त्या पावलावर होतं, आणि ती माणसं ते माझ्यासाठी सोडून देत होती, तोंडातून शब्द न काढता, एकमेकांकडे न बघता. मला माझा हात हवा होता. मी भिंतीतला तो केस बघत उभा राहिलो. एवढा भित्रेपणा मी त्याआधी किंवा त्यानंतर केला नाही.

कुणीच वळलं नाही. मग फिर्यादीकडचा एक जण म्हणाला, "सरकार, ह्याची सख्खी बहीण आमच्या घरात आहे. तिला आणलंय. तिलाच विचारा."

आम्हाला पुन्हा वळवलं. दारात आक्का सासऱ्यांच्या मागे उभी होती. पदर कपाळापर्यंत. तिच्या हातांना दाजींच्या औषधाचा लेप वाळून चिकटलेला दिसत होता. तिच्यापुढे बेलभंडार ठेवला, बेलाची पानं आणि हळद. तो उचलून खोटं बोलणाऱ्याचं काय होतं ते आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असे.

"बाई," कोतवाल म्हणाले, "ह्या तुमच्या भावाला ऐकू येतं की नाही?"

तिनं भंडार उचलला. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. सासऱ्यांनी हळूच सांगितलं, "खरं ते बोल. तुझ्या नवऱ्याचा डोळा गेलाय."

"ऐकू येत नाही," आक्का म्हणाली. "लहानपणापासून येत नाही."

कोतवालांनी पानाची पिंक टाकली आणि लिहून घ्यायला सांगितलं. गुन्हा कुणाचाच नाही. मंदील परत. तांबट आळीला खेळायला बंदी. गुरवानं ओरडून आणि खुणांनी मल्हारबांना समजावलं. त्यांनी सगळं समजून घेतलं, मान डोलावली आणि कमरेला बांधलेला मंदील सोडून चौरंगावर ठेवला. तो त्यांनी सकाळीच बरोबर आणला होता.

बाहेर पायऱ्यांवर मी आक्काला गाठलं. सासरे चार पावलं पुढे गेले होते, जवळपास कुणी नव्हतं. "आक्का," मी म्हणालो. ती थांबली. तिनं आपल्या कानाला बोट लावलं आणि पंजा हलवला. ऐकू येत नाही. ठार बहिऱ्या म्हाताऱ्यांशी आम्ही बोलतो तसं. मग आमच्या घराच्या दिशेनं हात केला, घास तोंडाशी नेल्यासारखा केला. घरी जा, जेव. आणि गेली.

त्यानंतर ती माझ्याशी तोंडानं कधी बोलली नाही. तिच्या सासरी तिचे काय हाल झाले ते मला पुढे तुकड्यातुकड्यांनी कळलं. चार वर्षं तिला माहेरी पाठवलं नाही, आणि त्या घरातल्या बायका तिच्या हातचं पाणी घेत नव्हत्या. दाजींनी मला कधीच टाकलं नाही. बरे झाल्यावर भेटले तेव्हा म्हणाले, "एका डोळ्यानं तू निम्माच वाईट दिसतोस." ते माझ्याशी बोलत, हसत. मल्हारबांनी मला पुन्हा गोफणीला हात लावू दिला नाही, पण तालमीतून काढलंही नाही, आणि धोंडीनं उरलेलं आयुष्य पेज पीत माझ्या शेजारी बसून ठोके घातले. त्यांच्यातल्या एकानंही मंदिलाचा विषय माझ्यासमोर काढला नाही. आक्का मात्र कार्यात भेटली की सगळ्यांशी बोले आणि माझ्याकडे वळली की हात वर करी. ये. बस. पाणी देऊ? लोकांना वाटे, भावाचे कान गेलेत, बिचारी. आई गेली त्या दुपारी घरात आम्ही दोघंच होतो, तेव्हाही तिनं खुणेनंच सांगितलं, तू डोक्याकडून धर.

तिच्या शेवटच्या दुखण्यात मी नागझरी ओलांडून रोज जाऊन बसत असे. एका दुपारी घरात कुणी नव्हतं. मी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळं सांगितलं. शिंग ऐकलं होतं, गोटा जाणूनबुजून सोडला, भिंतीशी कोतवालाचं बोलणंही ऐकलं होतं आणि वळलो नाही. तिनं खोटा भंडार उचलला तो माझ्यामुळे. आयुष्यात पहिल्यांदा मी हे कुणाला तोंडानं सांगत होतो, आणि माझा आवाज आबांसारखा मोठा येत होता. तिनं डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग गोधडीतून हात बाहेर काढला, स्वतःच्या कानाला बोट लावलं आणि पंजा हलवला. मी पुन्हा सांगितलं नाही.